काठ तुम्ही सांभाळा

तलावावर पोरांना पोहायला शिकवणाऱ्या तिला सगळे ताई म्हणत, मॅनेजरसुद्धा. पन्नाशी उलटली, पाळी थांबली आणि ताईची कंबर अशी सुटली की पोहण्याचा पोशाख मांडीपाशीच अडून बसायचा. त्यात मधूनच अंगातून वाफा निघत आणि झोप तर उडालीच होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "यातून सगळ्याच जातात, पण निमूट सोसू नका. वजनं उचला, गोड आवरा. उपाशी मात्र राहू नका." ताई सगळं इमानेइतबारे करत होती. वजन मात्र रुसलेल्या जावयासारखं एकेक पायरी उतरत होतं.

मॅनेजरला तेवढा दम नव्हता.

"ताई, पालक बघतात हो. उद्यापासून तुम्ही काठावरून शिट्टी वाजवा. पाण्यात शिकवायला नवी मुलगी उतरेल."

"पोहायचंय कुणाला, पोरांना की पालकांना?"

"तसं नाही, पण शोभतं का?"

ताईच्या गळ्यापासून कानशिलांपर्यंत आग चढली. राग की वाफ, तिचं तिलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी ती काठावर उभी राहिली. नवी मुलगी गुणी होती, पण तिच्या हातांवर उताणी होताच वर्गातली सगळ्यात लहान पोर, चिमणी, आखडायची आणि दगडासारखी खाली जायची. ताईची रीत वेगळी. ती स्वतः पाण्यावर उताणी पडे, पोराचं डोकं आपल्या पोटावर घेई आणि संथ श्वास घेत राही. पोट वरखाली होई, तसं पोरही निवांत होई.

"मला ताईच्या पोटावर झोपायचंय!" चिमणीने भोकाड पसरलं.

ताईने गळ्यातली शिट्टी काढून मॅनेजरच्या गळ्यात घातली. "काठ तुम्ही सांभाळा."

"अहो, त्या पोशाखाची शिवण..."

"उसवली तर उसवेल. मी नाही उसवत."

पाण्यात शिरताच अंगातली आग विझली. चिमणीने डोकं टेकलं.

"ताई, तू केवढी मऊ झालीस!"

"झालेच मुळी! म्हणून तर मस्त तरंगते. घे श्वास." मग नव्या मुलीकडे वळून, "नीट बघून ठेव गं. तुलाही पन्नाशी चुकायची नाही."

थोड्या वेळाने ताई अलगद बाजूला सरकली. चिमणी आकाशाकडे बघत एकटीच तरंगत होती. तिला पत्ताही नव्हता.

"मॅनेजर," ताईने पाण्यातूनच हाक मारली, "बघत काय राहिलात? वाजवा शिट्टी! पुढचं पोर पाठवा!"

शिट्टी वाजली.