फाईल नाही, अंदाज नाही

लातूरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात अक्षरा सकाळपासून देव पाण्यात ठेवून बसली होती. कशासाठी? तर आपला प्रोग्राम एकदाचा बंद पडावा म्हणून!

हा तिचा पहिलाच प्रोग्राम. मालातला ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा काळ्या पडद्यावर दाखवायचा, एवढंच त्याचं काम. कुठल्या मालाला कुठलं माप, ते एका फाईलीत लिहिलेलं. धर्माबादचे मिरचीवाले धोंडप्पा यांच्या कॉम्प्युटरवरून ती फाईल उडाली, तर या पठ्ठ्या प्रोग्रामनं तोंडातून ब्र न काढता मिरचीला सोयाबीनचं माप लावलं आणि ओली मिरची खडखडीत वाळलेली ठरवली. आणखी एकदा खोटं बोललं की यंत्र परत, असं धोंडप्पांनी बजावलं होतं.

म्हणून तिनं प्रोग्रामची परीक्षा घेणारी टेस्ट लिहिली. फोल्डर रिकामा ठेवायचा. प्रोग्रामनं ‘फाईल नाही’ म्हणून थांबायचं. पण छे! ओलावा दहा टक्के, म्हणे. टेस्ट नापास, लालेलाल.

शेवटी फाईल कुठून घेतलीस तेही दाखव, असं तिनं प्रोग्रामलाच सांगितलं. पडद्यावर महांतेशनं केलेल्या फोल्डरचा पत्ता उमटला आणि ती खुर्चीसकट शेजारच्या टेबलाकडं वळली.

"महांतेश! हे तुझंच काम ना?"

महांतेश तिचा ऑफिसातला जोडीदार, उदगीरच्या भुसार दुकानदाराचा मुलगा. "हाव," तो ऐटीत म्हणाला. "एका जागी न्हाई सापडली तर दुसरीकडं बघ म्हणलं त्याला. सात जागी कॉप्या हायत. आमच्या दुकानाची चावी बी मठात, पानवाल्याकडं, मामाकडं, सगळीकडं असती."

"अन् त्यातली एखादी जुन्या कुलपाची निघाली तर?"

महांतेशनं कान खाजवला. "दोन हायत तशा जुन्या, नुसत्या सोयाबीनच्या."

अक्षराला हसू आवरेना. हसत हसतच तिनं ती सगळी शोधाशोध काढून टाकली आणि टेस्ट चालवली. प्रोग्राम धाडकन बंद पडला! टेस्ट हिरवीगार! दोघांनी टेबलं बडवून ऑफिस डोक्यावर घेतलं.

नवा प्रोग्राम धर्माबादला गेला. आठवड्यानं धोंडप्पांचा फोन आला.

"अक्षराताई, फाईल परत कुणीतरी पुसली. तुमचा प्रोग्राम अडून बसलाय. मिरचीची फाईल न्हाई, अंदाज सांगणार न्हाई, असं म्हणून राहिला."

"मग... यंत्र परत पाठवता का, काका?"

"परत कशाला? चाळीस वर्षं झाली मला बाजारात. ‘ठाऊक न्हाई’ म्हणणारा हा पहिलाच भेटला. फाईल तेवढी धाडा."