एकटं जनावर

दुपारी जेवण झालं की मुंजाबाला डुलकी लागायची, आणि डुलकी लागली की मेंढरं यायची. आधी लांबून घंटी ऐकू यायची. मग वाळक्या पाचोळ्यावर खुरांची सळसळ, आणि मग तो वास. लोकरीचा, लेंड्यांचा, कोवळ्या कोकरांच्या तोंडाला लागलेल्या दुधाचा. झोपेतच त्याचा हात शेजारी चाचपडायचा, एखादं उबदार अंग लागेल म्हणून. हाताला लागायची फरशी. वाळूजच्या कॉलनीतल्या पोराच्या घराची, गार आणि गुळगुळीत.

मुंजाबाचा उभा जन्म मेंढरांमागं गेला. फर्दापूरच्या डोंगरापासून खाली गोदावरीच्या काठापर्यंत त्याला सडका ठाऊक नव्हत्या, पाणवठे मात्र सगळे ठाऊक होते. आणि देवाची करणी बघा, ज्या लोकरीनं त्याला आयुष्यभर पांघरलं, तीच म्हातारपणी त्याच्या छातीवर बसली. आधी खोकला, मग धाप, मग श्वासाला शिट्टी. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला जनावरांच्या केसांची ॲलर्जी आहे. मेंढ्यांच्या जवळसुद्धा जायचं नाही आता."

मुंजाबा हसलाच. "बाई, मंग तर मला माझीच ॲलर्जी व्हायला पायजे. मी काय मेंढरापेक्षा येगळा हाय व्हय?"

त्यानं ऐकलं नाही. कळप आता पुतण्या रामेश्वर सांभाळत होता. गेल्या साली दिवाळीनंतर तो कळप घेऊन वाळूजकडं उतरला, तेव्हा मुंजाबा 'नुसतं बघून येतो' म्हणून गेला आणि घोंगडी टाकून मेंढरांतच झोपला. दिवस उगवायच्या आत त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. नाकाला नळी, डोळे पांढरे, आणि उशाशी बसलेल्या बायकोच्या, सखूबाईच्या तोंडी विठ्ठलाचं नाव. तेव्हापासून घोंगडी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून माळ्यावर.

यंदाही दिवाळी झाली. मुंजाबा कळपाचं नाव काढत नव्हता. फक्त वहाणांना तेल लावून उन्हात ठेवत होता.

सखूबाईनं एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग नातीला, प्रांजलीला, स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "तुझा आबा निघायच्या बेतात हाय. औंदा गेला तर मला वाटत नाय माघारी यील."

प्रांजली कॉलेजात शिकायची आणि आबांच्या वळणावर गेली होती, म्हणजे हट्टी. तिनं विचार केला, की आबांना जनावराशिवाय करमत नाही हे तर खरंच. मग घरातच एखादं जनावर आणावं. केस नसलेलं, गडबड न करणारं, छातीला न सोसणारं काही अंगावर न बाळगणारं. जनावर घरात आलं की आबांचा पाय घरात राहील.

"आबा, चला शहरात, औरंगपुऱ्याला. तुमच्यासाठी सोबती बघू."

"मला हिची एवढी सोबत हाय ती पुरं झाली," मुंजाबा सखूबाईकडं बघून म्हणाला. पण फेटा बांधायला लागला.

औरंगपुऱ्याच्या एका गल्लीत सम्यकचं पाळीव जनावरांचं दुकान होतं. आत पाऊल टाकताच पक्ष्यांची किलबिल, दाण्यांचा वास आणि काचेच्या पेट्यांतल्या मोटारींची बुडबुड. सम्यक तरणा, हसऱ्या तोंडाचा. प्रांजलीनं त्याला सगळी हकिगत सांगितली, तसा तो म्हणाला, "समझ गया. बाबा, शांत पाहिजे ना? ससा बघा. अख्ख्या दुकानात याच्याएवढं गरीब कुणी नाही."

सशाला बघून मुंजाबाचे डोळे ओले झाले. पांढरं, मऊ, कानांत गुलाबी शिरा. कोकराची आठवण यावी असं. त्यानं न राहवून बोट पुढं केलं, आणि तिथंच तीन-चार शिंका अशा आल्या की पोपटी रंगाचे छोटे पक्षी पिंजऱ्यात फडफडले.

"राहू दे, राहू दे!" प्रांजलीनं त्याला मागं ओढलं. "पक्षी तरी?"

"पिसांचा भुगा उडतो ताई. दमेकऱ्याला तेही नको."

मुंजाबानं नाक पुसलं आणि गंभीर होऊन विचारलं, "कासव हाय का? कासवाला केस नसतेत. आमच्या पाणवठ्यावर लई असायची. दगडासारखी पडून ऱ्हायची बिचारी."

"कासव ठेवायला बंदी आहे बाबा. मला आत टाकतील."

"कासवापायी?"

"कासवापायी."

मग सम्यकनं त्याला मागच्या फळीकडं नेलं. तिथं काचेच्या छोट्या पेट्या होत्या आणि प्रत्येकीत एकेकच मासा. एक निळा होता. मोरपिसाच्या डोळ्यात असतो तसला निळा. त्याचे पंख लुगड्याच्या ओल्या पदरासारखे पाण्यात हळूहळू फिरत होते.

मुंजाबानं मेंढी विकत घेताना बघावं तसं त्याला बघितलं. पाठ बघितली, चाल बघितली, डोळा बघितला. मासाही तळाशी थांबून त्याच्याकडं बघत राहिला. दोघं एकमेकांसमोर असे किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. प्रांजलीला वाटलं, दुकानातला आवाजच कुठं निघून गेला.

"ह्याचे दात नाय बघता येत," मुंजाबा अखेर म्हणाला. "पण नजर चांगली हाय."

"याला फायटर म्हणतात," सम्यक म्हणाला. "नाव फायटर, पण एकटा ठेवला तर याच्यासारखा शांत दुसरा नाही. केस नाही, पीस नाही, आवाज नाही. एकच ध्यानात ठेवा बाबा, याच्यासोबत दुसरा टाकायचा नाही."

"एकटाच ठिवायचा?"

"एकटाच."

मुंजाबानं मासा घेतला. पण येताना स्कूटीवर मागं बसून, मांडीवरच्या पिशवीतल्या पाण्याला तो म्हणत होता, "असं कसं रं लेकरा, एकटं?"

काचेची पेटी खिडकीशी ठेवली. दुपारचं ऊन पाण्यातून आरपार जायचं आणि समोरच्या भिंतीवर उजेडाच्या लाटा हलायच्या. मुंजाबा पडल्या पडल्या त्या बघायचा. डोळे अर्धे मिटले की त्या लाटांची मेंढरं व्हायची, डोंगराच्या सोंडेवरून एकामागं एक उतरणारी. पुढं चांदी असायची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली त्याची म्हातारी मेंढी. तिच्या गळ्यातली घंटी वाजायची. मग डोळे उघडले की भिंत, आणि पेटीत तो निळा, एकटाच.

आता धनगराच्या पोटात काय असतं ते सांगायला पाहिजे. कळपातून चुकलेलं मेंढरू लांडग्याच्या आधी काळजीनं मरतं, हे मुंजाबानं डोळ्यांनी बघितलेलं. म्हणून एकटं जनावर बांधणं त्याच्या लेखी पाप. दुकानदार शहरातला पोरगा, त्याला काय कळतंय, असं त्याच्या मनानं घेतलं. बाजाराच्या दिवशी कॉलनीच्या कोपऱ्यावर मोटारसायकलला पिशव्या लटकावून मासे विकणारा येतो, त्याच्याकडून त्यानं तसलाच एक लाल मासा घेतला. घरात प्रांजली नव्हती. त्यानं देवाचं नाव घेतलं आणि पिशवी पेटीत रिकामी केली.

"घे रं. आता बोला दोघं."

दोघं बोलले नाहीत. निळ्यानं गाल फुगवले, पंख ताठ केले, आणि पुढच्या क्षणी पेटीत नुसता रंगांचा भोवरा उठला. मुंजाबा ओरडला, "आरं, आरं! सोड त्याला! सखू! अगं सखू, धाव!"

सखूबाई हातातली चहाची गाळणी घेऊनच धावली आणि त्याच गाळणीनं तिनं लाल मासा उचलून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकला. पेटीतलं पाणी निवळलं तेव्हा निळा तळाशी आडवा पडला होता. पंखाची चिंधी झालेली.

"मेला का गं?" मुंजाबाचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"कल्ले हालत्यात. गप बसा जरा."

प्रांजली आली, तिनं आबांना एक शब्द लावला नाही. सम्यकला फोन केला. त्यानं सांगितलं, की दोघांना वेगळं ठेवा, मध्ये पुठ्ठा उभा करा म्हणजे एकमेकांना दिसणार नाहीत, पाणी स्वच्छ ठेवा, पंख परत येतील. मग मुंजाबानं फोन मागून घेतला.

"पोरा, तू सांगितलं व्हतं. मी ऐकलं नाय."

"होतं असं बाबा. त्याला ना, कुणी लांबून बघत असलं तरी पुरतं. जवळ आलं की त्याला सोसत नाही."

मुंजाबानं फोन परत दिला आणि पेटीपासून दोन पावलं मागं सरून बसला.

त्या आठवड्यात कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात सप्ताह बसला होता. सखूबाईनं नवऱ्याला ओढतच नेलं. "घरात माशाचं तोंड बघून बसण्यापरीस देवाचं बघा." धुपाचा धूर सोसत नाही म्हणून तो मांडवाच्या अगदी कडेला, मोकळ्या वाऱ्यात बसला. पुंजाराम महाराज कीर्तनाला उभे राहिले. काय सांगावी त्या गळ्याची गोडी! मृदंगावर थाप पडली, टाळांची रांग डोलली, आणि एका गजरात मांडवातली सगळी माणसं, कारखान्यातल्या दिवसभराच्या पाळीनं थकलेली, चेहऱ्यानं उजळली. नाम असं असतं. त्याला ना औषध लागतं, ना त्याची कुणाला बाधा होते.

मग महाराजांनी चाल थांबवली, टाळ खाली केले आणि हळू आवाजात दृष्टांताला हात घातला. "माउली हो, गाय वासराला चाटते, पक्षीण पिलाला पंखाखाली घेते. पण कासवीकडं काय आहे? दूध नाही, पंख नाही. ती नदीच्या ऐलतीरी आणि पिलं पैलतीरी. ती तिथून नुसती बघते. आणि तिच्या नुसत्या बघण्यावर पिलं वाढतात हो! स्पर्शावाचून पोसणारी ती आई. देव तुमच्याआमच्याकडं असाच बघतोय."

मृदंग पुन्हा उठला. मुंजाबाच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि ते धुरानं नव्हतं. दुकानात मिळालं नाही ते कासव असं मांडवात येऊन भेटलं.

पण धनगर तो धनगर. घरी जाताना म्हणाला, "सखू, कासव अंडी घालून निघून जातं गं. मी बघितलंय पाणवठ्यावर. पिलांकडं बघत बी नाय."

सखूबाई पदर सावरत म्हणाली, "जाताना मागं वळून बघत नसंल कशावरनं? तुमी काय तिच्यासंगं गेला व्हता?"

 चालता चालता मुंजाबानं एकदाच मान हलवली.

पुठ्ठ्याच्या आडोशाला बरणीत लाल मासा पुन्हा फिरू लागला होता आणि निळ्याच्या पंखाला काठाकाठानं नवी, पारदर्शक झालर फुटू लागली होती, त्या दिवशी रामेश्वरचा फोन आला. "काका, उतरलो बरं का. खाम नदीच्या पल्याड, शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवलीत. येताव का?"

 सखूबाईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. प्रांजलीनं आबांकडं बघितलं. मुंजाबा उठला, तेल पाजलेल्या वहाणा पायांत घातल्या आणि म्हणाला, "माळ्यावरची घोंगडी काढ."

"आबा, नाही. घोंगडी नाही देणार मी."

"काढ म्हणतो तर. पिशवी सोडू नको."

प्रांजली सखूबाईकडं वळली. सखूबाई नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली. उभ्या संसारात वाचलेलं तोंड ते. मग तिनं हळूच म्हटलं, "काढून दे गं."

दिवस कलायला आला होता. नदीच्या अलीकडच्या काठावर मुंजाबानं स्कूटी थांबवायला लावली. उतरून त्यानं आधी बोट ओलं करून वारा बघितला, थोडा वर चालत गेला, वारा पाठीशी घेऊन एका दगडावर टेकला. पलीकडं कापून मोकळ्या झालेल्या रानात कळप पसरला होता. धूळ सोन्यासारखी उजळली होती आणि तिच्यात काळी काळी अंगं तरंगत होती, भिंतीवर तरंगायची अगदी तशीच. आपण जागे आहोत की दुपारचे आडवे झालो आहोत, हे मुंजाबाला क्षणभर कळेना.

"काकाऽ!" रामेश्वरनं हात केला. "या की हिकडं! च्या ठिवलाय!"

मुंजाबाचे पाय उठले. प्रांजलीनं ते बघितलं.  पाण्यात पाय ठेवायला दगड होते, पैलतीर काही लांब नव्हता.

मुंजाबा पाण्याच्या कडेपर्यंत गेला. थांबला. मग त्यानं घोंगडीची पिशवी नातीच्या हातात दिली.

"जा. रामेश्वरला म्हणावं, चांदीच्या पुढ्यात पसर. आता घोंगडी मेंढरांतच राहू दे. हिला माळ्यावर करमत नाय."

प्रांजली दगडांवरून पलीकडं गेली. रामेश्वरनं पिशवीची गाठ सोडली, घोंगडी झटकली आणि रानात अंथरली. म्हातारी चांदी डुलत डुलत आली. तिनं काठ हुंगला, मग मधला भाग हुंगला, मग पुन्हा काठ. आणि तिनं मान वर केली.

इकडून मुंजाबानं तोंडाशी हात धरून साद घातली, "हिर्रऽऽ, हिर्रऽऽ!"

आवाज आता पूर्वीचा राहिला नव्हता. पण पाण्यावरून गेला. चांदी नदीकडं तोंड करून उभी राहिली आणि बघत राहिली. कपाळावरचा पांढरा ठिपका संध्याकाळच्या उजेडात पणतीएवढा दिसत होता.

"आणू का तिला तिकडं?" रामेश्वर ओरडला.

"नको! तिथंच असू दे! दिसतीय मला!"

चांदी अखेर घोंगडीवर पाय दुमडून बसली. मुंजाबाही दगडावर बसला. श्वास सरळ चालला होता, शिट्टी नव्हती. तो ओठांत काही पुटपुटत होता. नाम असेल, नाहीतर मेंढरांची नावं असतील. पलीकडं रामेश्वरच्या चुलीचा धूर वाऱ्यासंगं लांब रानाकडं कलत गेला.

प्रांजली परत आली, तशी तिनं हात नदीत धुतले, ओढणी झटकली आणि ती थोडी लांबच उभी राहिली.

"आबा, बसायचं का अजून?"

"नाय," मुंजाबा उठत म्हणाला. "चल. निळ्याला खायला घालायचंय. येरवाळीच, येळेच्या आधी वरती येऊन बसतो त्यो, वाट बघत."

स्कूटी वळली. मागं बसलेल्या मुंजाबानं एका हातानं नातीचा खांदा धरला, आणि चढ संपेपर्यंत तो मागंच वळून बघत होता.