आईला दिसेल इतका काळा

काकांनी छापलेला बाबांचा फोटो आईने खिडकीशी नेला, नाकाजवळ धरला.

“छान झालाय हो, भाऊजी.”

फोटो तिच्या हातात उलटा होता.

आईची नजर जात चालली होती. काळं आणि पांढरं अजून कळायचं, मधले करडे रंग मात्र एकमेकांत मिसळून जायचे. उरलेली नजरही फार टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी तिला गेलेल्या बाबांना फोटोत एकदा नीट बघायचं होतं. बाबांचं एकच निगेटिव्ह हाती लागलं होतं. कारखान्याच्या फाटकाशी घोळका, त्यात ज्वारीच्या दाण्याएवढा त्यांचा चेहरा.

“एवढा मोठा केला की फिल्मचे दाणे दिसतात, म्हणून मी मऊ छापला,” काका त्यांच्या डार्करूममध्ये म्हणाले. “कॉन्ट्रास्ट वाढवलास तर दादाच्या तोंडावर देवीचे व्रण आल्यासारखं दिसेल.”

“दिसू दे. निदान तोंड तरी दिसेल,” मी म्हणाले.

छपाईच्या दिव्याला लावायचा गुलाबी फिल्टर जितका गडद, तितकं काळं-पांढरं एकमेकांपासून लांब जातं. मी सगळ्यांत गडद लावला. डेव्हलपरमध्ये कपाळ, नाक, हनुवटी स्पष्ट उमटली, पण डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे.

पुढच्या कागदावर उजेड पाडताना मी तारेला चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या टिकल्यांनी डोळ्यांवर सावली धरली. डोळे आले, भोवती फिकट कडीही आली.

“दादाला चष्मा कधी लागला गं?”

प्रयोगशाळेतल्या नोकरीत इतकी वर्षं हात न हलू देण्याचीच सवय लावून घेतली होती. इथे तीच नडत होती. पुन्हा कागद लावला आणि तार सबंध वेळ हलवत राहिले. या वेळी कडी विरली. दाणे मात्र गालभर, वाळू फेकल्यासारखे.

“माझ्या स्टुडिओत छापलास म्हणून सांगू नकोस कुणाला,” काका म्हणाले.

वाळलेला फोटो मी आईच्या हातात मुद्दाम उलटा दिला. खिडकीशी जाऊन तिने तो फिरवला, सरळ केला. मग गालावरून अंगठा फिरवला.

“बघा, दाढी केलीच नाही! फोटो काढणार आहेत म्हणून सकाळी हजारदा सांगितलं होतं. ऐकतील तर शपथ!”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. दाण्यांबद्दल काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं.

“दादा कधी कुणाचं ऐकायचा का, वहिनी?” ते म्हणाले.