दोन दिवसांचा ताप

बारक्याला आधी वाटलं, काचेनंच दगा दिला. सकाळी मोठा तक्ता त्यानं एकट्यानं उचलला होता आणि दुपारपासून उजव्या बरगडीखाली कोणी निखारा ठेवावा तसं व्हायला लागलं. फोटोंना आणि चित्रांना फ्रेमा करून देण्याचा त्याचा धंदा. पाठ, खांदे, मनगटं, काही ना काही दुखणं त्याच्या पाचवीलाच पुजलेलं. त्यानं मलम चोळलं, तर आग आणखी भडकली. कुशीवर झोपता येईना, सदऱ्याचं कापड अंगाला लागलेलं सोसेना, आणि आरशात वळून वळून पाहावं तर कातडीवर काहीच नाही.

नाव बारक्या, पण माणूस दारातून आडवा होऊन आत शिरेल असा. साठी उलटली तरी थोरल्या बहिणीनं लहानपणी ठेवलेलं नाव सुटलं नव्हतं. ही ताई दोन चौक पलीकडे राहायची. सारी नोकरी तिनं टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे आवाज ऐकण्यात घालवलेली. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा पहिल्या वाक्यालाच तिनं त्याला पकडलं.

"दातओठ खाऊन का बोलतोयस?"

"कुठे काय. पाठ जरा धरलीय."

"जरा धरली असती तर तू फोन केला नसतास. दुकानातच थांब, आले मी."

तिनं येऊन त्याचा सदरा वर केला. मणक्यापासून निघून बरगडीच्या कडेकडेनं पोटाकडे लाल पट्टा गेला होता आणि त्यावर बारीक बारीक पाण्याचे फोड उठायला लागले होते.

"नागीण आहे ही," ती म्हणाली.

बारक्याचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे तोंडाला शेपूट मिळालं की आटोपलं?"

"वेड्यासारखं बोलू नकोस. चप्पल घाल."

पण लहानपणी ते दोघांनीही ऐकलेलं होतं, की नागिणीनं कमरेला विळखा पुरा घातला की माणूस वाचत नाही. रस्ता ओलांडताना ताईनं त्याचा हात धरला तो दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टर बारक्याच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी पाठ नीट पाहिली आणि शांतपणे सांगितलं, "विळखाबिळखा काही घालत नाही ती. एकाच बाजूला राहते. वेळेवर आलात, गोळ्या आजच सुरू करू. फोड सुकेपर्यंत झाकून ठेवा आणि ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत त्यांच्यापासून लांब राहा, गरोदर बायकांपासून तर नक्कीच."

"कांजिण्यांचा इथे काय संबंध?" बारक्यानं विचारलं.

"लहानपणी तुम्हाला झाल्या असतील ना? त्या बऱ्या होतात, पण त्यांचे विषाणू जात नाहीत. नसांच्या मुळाशी झोपून राहतात. वय झालं, अंगातली ताकद कमी झाली, की कधी कधी जागे होतात."

बारक्यानं बहिणीकडे बोट केलं. "डॉक्टर, हिनंच दिल्या होत्या मला कांजिण्या."

"मी नाही दिल्या. मला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, तर हे ध्यान रडून रडून माझ्या पांघरुणात येऊन घुसलं."

डॉक्टर हसल्या आणि मग ताईकडे वळल्या. "म्हणजे तुम्हालाही होऊन गेल्यात. तुम्ही नागिणीची लस घेतलीय का?"

"मला काय धाड भरलीय?"

"यांनाही परवापर्यंत काही झालेलं नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी समजावून सांगितलं. लशीचे दोन डोस, मधे काही महिन्यांचं अंतर. घेतली म्हणजे नागीण कधीच होणार नाही असं नाही, पण शक्यता पुष्कळ कमी होते, आणि फोड गेल्यावर मागे रेंगाळणारं दुखणंही टळण्याची आशा जास्त. "दंड दुखेल. काहींना एकदोन दिवस ताप येतो, अंग मोडून येतं. एवढंच. आणि यांनीही बरं झाल्यावर घ्यायची."

"बघू," ताई म्हणाली. हा 'बघू' कसला आहे ते बारक्याला लगेच कळलं. शाळेत असताना त्यानं सायकल मागितली की आई असाच 'बघू' म्हणायची.

बारक्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगी दूरच्या शहरात. ताईनं त्याला सरळ आपल्या घरी आणलं. तिच्या घरी आधीच एक आजारी माणूस होता. तिचा नवरा, बारक्याचे दाजी, भूगोलाचे मास्तर. चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि सगळ्या वर्गाला गप्प करणारी वाचाही गेली. आता "चालेल" आणि "नको" एवढे दोन शब्द नीट यायचे. त्यांना पलंगावरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून परत, असं दिवसभर ताईच उचलायची. बाई काडीसारखी, पण उचलायची.

दोघं पुरुष दुपारभर एकाच खोलीत असायचे. बारक्या उघड्या अंगानं, उशा रचून बसल्या बसल्याच डोळा लागतो का ते बघायचा. विजेच्या पंख्याचा वारा पाठीवर चाबकासारखा बसायचा आणि पंखा बंद केला की घामानं जीव जायचा. एकदा तो असाच कण्हत होता, तेव्हा दाजींनी डाव्या हातानं टेबलावरचं वर्तमानपत्र ओढलं, घडी घातली, आणि लांबूनच, पाठीला लागणार नाही अशा बेतानं, त्याच्या तोंडावर हळूहळू वारा घालायला लागले. हात दुखला की खाली ठेवायचे, मग पुन्हा सुरू.

"राहू द्या हो दाजी."

"नको," दाजी म्हणाले. म्हणजे थांबणार नाही.

फोड सुकले, खपल्या पडल्या. बारक्या आपल्या घरी गेला, दुकानही उघडलं, पण दुखणं मागे राहिलंच. फ्रेमचा कोपरा जुळवताना मधेच विजेचा झटका बसल्यासारखा तो जागच्या जागी थिजायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, दर ऐकून आपलं तोंड वाकडं व्हायचं तर याचंच का झालं. डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या दिल्या. त्यांनी फरक पडत गेला, पण मुंगीच्या पावलानं.

दर रविवारी तो ताईकडे जायचा आणि दर रविवारी विचारायचा, "लस कधी घेतेस?"

"उन्हाळा संपू दे."

उन्हाळा संपला.

"सर्दी झालीय जरा."

सर्दी गेली. मग तिच्या जुन्या ऑफिसातल्या कोणी मैत्रिणीनं सांगितलं होतं, की लशीतूनच नागीण होते. बारक्यानं डॉक्टरांना फोन लावून तिच्या कानाशी धरला. डॉक्टर म्हणाल्या, या लशीत जिवंत विषाणू नसतोच, त्यामुळे तसं होणं शक्य नाही. ताईनं "बरं बरं, आभारी आहे" म्हणून फोन परत दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

बारक्या मागोमाग गेला. तो सहसा चिडत नसे, पण त्या दिवशी बरगडीखालचा निखारा पुन्हा पेटला होता.

"मी काय भोगलं ते तू डोळ्यांनी पाहिलंस. अजून भोगतोय. तरी तुझं आपलं ये रे माझ्या मागल्या! सुईला भितेस का?"

"सुईला कोण भितंय?"

"मग?"

ताईनं हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. नळ उघडाच होता, तो बंद केला.

"ताप आला तर?" ती म्हणाली. "दोन दिवस अंथरुणात पडले, तर यांना उचलणार कोण? चार वर्षांत मी एक दिवस आडवी झाले नाहीये, बारक्या. मला साधी कणकण आली तरी मी ती येऊ देत नाही. आणि तुम्ही म्हणता, मुद्दाम जाऊन ताप घेऊन ये."

चार वर्षं तो रविवारी येऊन चहा पिऊन जात होता. तो सावकाश म्हणाला, "दोन दिवसांचा ताप तुला परवडत नाही. मग माझ्यासारखी दोन महिन्यांची नागीण परवडेल?"

ताईनं ओट्यावरचं भांडं पुन्हा हातात घेतलं.

"मी येतो. दोन दिवस, चार दिवस, लागतील तेवढे. दुकानाला कुलूप लावतो."

"तू? तुला स्वतःच्या मोज्यांची जोडी लावता येत नाही."

"शिकव."

म्हणून मग ताईनं त्याला शिकवलं. पाय कुठे ठेवायचा, गुडघ्याला गुडघा कसा लावायचा, दाजींच्या कमरेच्या पट्ट्याला कुठे धरायचं, त्यांचा भार पाठीवर न घेता मांड्यांवर कसा घ्यायचा. बारक्या ताकदीनं कमी नव्हता, पण घाई करायचा. पहिल्या खेपेला त्यानं दाजींना पोत्यासारखं उचललं.

"अरे, माणूस आहे तो!" ताई ओरडली.

दाजींना मात्र हसू आलं. अर्ध्याच तोंडानं हसायचे ते, पण छाती पूर्ण हलायची.

न्हाणीघराची वेळ आली तेव्हा ते हसू गेलं. बायकोनं करणं वेगळं आणि मेहुण्यानं करणं वेगळं. दाजींनी डाव्या हातानं दाराची चौकट घट्ट धरली आणि मान हलवत राहिले. "नको. नको."

बारक्या त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "दाजी, आठ दिवस मी तुमच्या घरात उघडा बसलो होतो. ताईनं मला लहान पोरासारखं पुसून काढलं, तुम्ही वारा घातलात. आता माझी लाज तुम्ही बघितलीत, तुमची मला बघू द्या. फिटंफाट."

दाजींची चौकटीवरची बोटं एकेक करून सुटली. "चालेल," ते म्हणाले.

त्या आठवड्यात ताईनं लस घेतली. दंडावर छोटी पट्टी लावून ती घरी आली, दोन्ही पुरुषांना जेवायला वाढलं आणि म्हणाली, "बघा, काही नाही झालं. उगाच दुकान बंद केलंस." संध्याकाळी तिला हुडहुडी भरली.

बारक्यानं तिला आतल्या खोलीत झोपवलं, दोन पांघरुणं घातली, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी दिली आणि दार लोटून घेतलं. ती पडल्या पडल्या सगळं ऐकत होती. खुर्चीचा ब्रेक लागल्याचा आवाज. "एक, दोन, तीन, हां!" मग काहीतरी पडलं. मग दोघांची हसाहस. भात करपल्याचा वास आला तेव्हा ती उठून बसली.

"गॅस बारीक कर!"

"केलाय! तू झोप!"

"अंडी उकड त्यापेक्षा!"

"तीच उकडतोय! भात मेला!"

दुसऱ्या दिवशीही ताप उतरला नव्हता. दंड दगडासारखा झाला होता आणि सांधे ठणकत होते. दुपारी दार हळूच उघडलं आणि चाकाची खुर्ची आत आली. बारक्या मागून ढकलत होता.

"ऐकेचनात," तो म्हणाला. "सकाळपासून या दाराकडे हात दाखवतायत. शेवटी म्हटलं, चला."

त्यानं खुर्ची पलंगाला लावली, ब्रेक लावला आणि निघून गेला. दाजींनी डावा हात उचलला आणि तिच्या कपाळावर ठेवला. हात थंड होता. बराच वेळ त्यांनी तो तसाच ठेवला, मग उलटा करून गालाला लावला, लहान मुलाचा ताप बघतात तसा. त्यांना काही तरी बोलायचं होतं. ओठ हलत होते, पण शब्द सापडत नव्हता.

"कळलं मला," ताई म्हणाली.

गेली चार वर्षं ती या माणसाचं सगळं करत आली होती. त्यानं आपलं काही करावं अशी तिनं अपेक्षाच सोडून दिली होती, आणि त्याला ते करावंसं वाटत असेल हेही तिच्या मनात कधी आलं नव्हतं. तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, तोंड उशीत खुपसलं आणि पोटभर रडली. रडता रडता तिला झोप लागली, अशी गाढ की संध्याकाळ केव्हा झाली ते कळलंच नाही. दाजी तिथेच बसून होते. बारक्यानं दोनदा त्यांना न्यायला डोकावून पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा दाजींनी त्याला नजरेनंच बाहेर घालवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली ती ठणठणीत.

त्यानंतर बारक्याचा रविवार बदलला. तो आता सकाळीच यायचा, दाजींना आंघोळ घालायचा आणि ताईला घराबाहेर काढायचा. पहिल्यांदा ती नुसतीच कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली. मग हळूहळू बागेत, मैत्रिणीकडे, एकदा तर सिनेमाला. दाजींनीही लस घेतली. त्यांना साधी कणकणसुद्धा आली नाही. बारक्याच्या बरगडीखालची आग कमी कमी होत गेली, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर त्यानंही दंड पुढे केला.

मग ताईच्या दुसऱ्या डोसची वेळ आली. बारक्या पिशवीत कपडे भरून हजर झाला, सोबत दोन डझन अंडी. या वेळी भाताच्या वाटेला जायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं.

ताई लस घेऊन आली आणि सगळे तापाची वाट बघत बसले. संध्याकाळ झाली, ताप नाही. सकाळी बारक्यानं दार उघडून पाहिलं, तर ती पांघरूण ओढून पडली होती.

"ताप आहे?"

"थोडासा वाटतोय," ती पांघरुणातून म्हणाली.

बारक्यानं कपाळाला हात लावला. कपाळ पाण्यासारखं गार. त्यानं वळून दारात खुर्चीवर बसलेल्या दाजींकडे पाहिलं. दाजींनी तोंडावर बोट ठेवलं.

"चांगलाच आहे," बारक्या गंभीरपणे म्हणाला. "आज दिवसभर उठायचं नाही. काय हवं ते सांग."

"चहा," ताई म्हणाली. "आणि खिडकी उघड जरा."