बाद झालेले फोटो

मोरोपंत म्हटलं की डोळ्यांपुढे पगडी येते. देवासचे मोरोपंत मात्र बुशशर्ट घालतात आणि स्कूटरवरून भाजी आणतात. पणजोबांचं नाव घराण्यात फिरत फिरत त्यांच्यावर येऊन बसलं, त्याला ते तरी काय करणार. नोकरी सगळी नोटांच्या छापखान्यात गेली, तीही तपासणीत. समोर कागद यायचा, शाई जरा पसरलेली दिसली, रेघ केसभर सरकलेली दिसली, की बाद. जो कागद चांगला त्याबद्दल काही बोलायचं नसे, तो नुसता पुढे जाई. मोरोपंत निवृत्त झाले, पण त्यांचा डोळा काही निवृत्त झाला नाही. पोह्यातली करपलेली मोहरी, शेजारच्या नव्या भिंतीला आलेला पोक, लग्नपत्रिकेत खाली गेलेलं एखाद्या काकांचं नाव, हे सगळं आधी त्यांना दिसे आणि मग, त्यांनी सांगितल्यामुळे, सगळ्यांना दिसे.

अशा माणसाच्या बायकोने कॅमेरा हातात घ्यावा, ही देवाचीच गंमत.

इंदूच्या हातात कॅमेरा आला तो घरातल्या एका नियमामुळे. मोरोपंतांच्या आईच्या, म्हणजे माईंच्या, माहेरी तीन भावांनी धारच्या एका स्टुडिओत हौसेने फोटो काढला होता, आणि मधला भाऊ त्याच साली शिमग्याच्या आत गेला. माईंनी जो धसका घेतला तो जन्मभर. तिघांचा फोटो काढायचा नाही. तीन तिगाडा, काम बिगाडा. मोरोपंतांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण 'नाहीच काढला तर काय अडतं' असं म्हणून तेही नियम पाळत. माई गेल्या आणि घरात माणसं उरली नेमकी तीन: मोरोपंत, इंदू आणि मुलगी इरावती. तेव्हा फोटोच्या वेळी कुणीतरी बाजूला व्हायचं, आणि बाजूला व्हायची ती इंदू.

दरवर्षी दसरा झाला की ही तिघं निघत. धारला गडकालिकेचं दर्शन, ते कुळधर्म म्हणून. आणि तिथून मांडू, ते हौस म्हणून. पाऊस सरलेला, सोयाबीन कापून झालेलं, माळव्याचं काळं रान उघडं पडलेलं, आणि ऊन असं पिवळं की दुपार कलली न कलली तोच सावल्या लांब व्हायच्या. मोरोपंत मांडूच्या जुन्या महालासमोर ताठ उभे राहत. फोटो धुऊन आला की त्यात महालाचा एक कोपरा, एक गाय, कुणाचं तरी वाळत घातलेलं लुगडं, आणि जमलं तर मोरोपंत.

"अगं, महाल कुठंय?" ते विचारत.

"आहे की मागे. तो काय पळून जातोय?" इंदू म्हणे.

घरीही तेच. झरोक्यातलं ऊन दुधाच्या पातेल्यावर पडलं, काढ फोटो. ओट्यावर ओली कोथिंबीर पसरली, काढ फोटो. मोरोपंत दारात चपला घालायला वाकले की मागून आवाज येई, "थांबा, तसेच थांबा." ते कुरकुरत, रीळ फुकट घालवतेस म्हणत, पण थांबत. पुढे रीळ गेलं, इरावतीने आईला छोटा डिजिटल कॅमेरा आणून दिला, तरी इंदू निवडक फोटो छापून आणायची आणि पत्र्याच्या डब्यात टाकायची.

घोटाळा झाला तो मागच्या दिवाळीच्या साफसफाईत. इंदू चार दिवस सतवासला बहिणीकडे गेली होती. मोरोपंतांच्या हाती तो डबा लागला आणि त्यांच्या मनात आलं, इरावतीचं आज ना उद्या लग्न होईल, तिला सासरी नेण्यासारखा एक झकास अल्बम आपणच करावा. हेतू सोन्यासारखा होता, हे कुणीही मान्य करील. त्यांनी चष्मा पुसला, दिवाणखान्यात सतरंजी घातली आणि पुष्कळ वर्षांनी मनासारखं काम करायला बसले. वाकडे, बाद. महाल अर्धा कापलेले, बाद. उन्हाने डोळे मिचकावलेले, बाद. काढणाऱ्याची सावली पुढ्यात पडलेली, बाद. असे तर ढीगभर निघाले. त्यातल्या काहींत लहानगी इरावती खाली वाकून जमिनीला हात लावतेय, कॅमेऱ्याकडे बघतसुद्धा नाही. ते तर दुहेरी बाद. चांगले तेवढे अल्बममध्ये लागले, बाकीचा गठ्ठा रद्दीवाल्याच्या हातगाडीवर गेला. निगेटिव्ह मागेच एका पावसाळ्यात एकमेकांना चिकटून गेल्या होत्या, त्याही त्यांनी गठ्ठ्यावर ठेवून दिल्या.

इंदू परत आल्यावर त्यांनी मोठ्या अभिमानाने अल्बम तिच्यापुढे ठेवला. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक पान उलटलं.

"छान लावलेत. बाकीचे?"

"बाद केले. खराब होते सगळे."

"कुठे आहेत?"

"रद्दीत गेले."

इंदूने अल्बम मिटला आणि त्यावर नसलेली धूळ पदराने पुसली. "बरं," म्हणाली आणि कुकर लावायला उठली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, एवढं मोरोपंतांना कळलं. पण सोंड कुठे तुटली ते कळेना.

ती भांडली असती तर परवडलं असतं. भांडण त्यांना येत होतं. पण इंदू भांडली नाही, रुसली नाही, वेळेवर चहा देत राहिली. फक्त कॅमेरा कपाटात शालींच्या मागे गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही. वर्ष झालं. पातेल्यावर ऊन पडे आणि निघून जाई. मोरोपंत हल्ली दारात चपला घालताना उगीच जास्त वेळ वाकत, पट्टा सोडत, परत लावत. इंदू केरसुणी घेऊन बाजूने जाई. एकाच घरात राहून त्यांना तिची आठवण यायला लागली होती, आणि ही गोष्ट सांगायची तरी कुणाला.

यंदा मार्गशीर्षात इरावतीचं लग्न होतं आणि लग्नानंतर ती कॅनडाला जाणार होती. म्हणजे तिघांची ही शेवटचीच मांडूची फेरी. इरावती इंदूरहून गाडी घेऊन आली. इंदू पाण्याच्या बाटल्या, चकल्यांचा डबा आणि देवीची ओटी घेऊन बसली.

"कॅमेरा?" मोरोपंतांनी विचारलं.

"सगळ्यांकडे मोबाइल आहेत की."

मोरोपंत चष्मा विसरल्याचं सांगून घरात गेले. चष्मा त्यांच्या नाकावर होता. ते बाहेर आले तेव्हा बुशशर्टाचा खिसा जड होता. इंदूने ते पाहिलं आणि ओटीची पिशवी मांडीवर घेतली.

धारच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबले. "भिया, कट के फुल?" अर्धा चहा की पूर्ण, टपरीवाल्याने विचारलं. मोरोपंतांचं लक्ष नव्हतं. त्यांनी कॅमेरा काढून डोळ्याला लावला होता आणि सवयीने आधी खोट शोधत होते. किटलीला पोचा आला होता. बाकडं एका बाजूला कललं होतं. मागच्या पाटीवरचा रंग उडाला होता.

"बाबा, क्या ढूँढ रहे हो?" इरावती म्हणाली.

"काहीतरी चांगलं."

"मिळालं?"

त्यांनी कॅमेरा जरा फिरवला आणि चौकटीत इंदू आली. ती कललेल्या बाकड्यावर बसून चहावर फुंकर घालत होती. तिच्या मागे रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत पडलं होतं आणि त्याचा पिवळेपणा तिच्या गालापर्यंत आला होता. भांगाशी केस पार पांढरे झाले होते. हे कधी झालं, मोरोपंतांना आठवेना. इतक्या वर्षांत त्यांनी तिला इथून, या छिद्रातून, एकदाही पाहिलं नव्हतं. बघायची ती, आणि बघितले जायचे ते. ती सुंदर दिसत होती. कललेल्या बाकड्यासकट, पोचा आलेल्या किटलीसकट. त्यांचं बोट बटणावर गेलं, पण तोवर इंदूने मान वळवून ग्लास ठेवला आणि "चला, ओटी भरायला उशीर होईल," म्हणाली.

देवीचं दर्शन झालं. मांडूला पोचले तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. महालाकडे गर्दी फार, म्हणून रस्त्याकडेच्या एका जुन्या खुरासानी चिंचेपाशी थांबले. ही गोरखचिंच म्हणजे नुसता बुंधा. पाच माणसांनी कवेत घ्यावा एवढा. इरावतीने मोबाइल वर धरला.

"चला, सेल्फी. तिघांचा."

"तिघांचा नको," इंदू म्हणाली.

"आई, तो रूल सेल्फीला पण लागू आहे का? मी कॅनडात भिंतीवर काय लावू मग, अकेले बाबा?"

शेजारून जाणाऱ्या एका माणसाने आपण होऊन विचारलं, "लाओ अंकलजी, मैं खेंच दूँ तीनों का?" इंदूने हसून त्यालाही नको म्हटलं.

"तुम्ही दोघी उभ्या राहा," मोरोपंत म्हणाले. "मी काढतो."

मायलेकी बुंध्यापाशी उभ्या राहिल्या. मोरोपंत मागे मागे सरकले, झाड मावेना म्हणून आणखी मागे. ऊन त्यांच्या पाठीवर होतं, आणि त्यांची सावली गवतावरून लांब होत थेट दोघींच्या पायांशी गेली होती. ते डावीकडे झाले, सावली डावीकडे झाली. उजवीकडे झाले, तीही झाली.

"छे, सावली येतेय मध्ये."

"येऊ द्या," इंदू म्हणाली.

"अगं, फोटो बाद होईल."

"तसे माझे सगळे बादच होते." वर्षभरात ती पहिल्यांदाच त्या विषयावर बोलत होती. आवाज चढलेला नव्हता. "ऊन मी मुद्दाम पाठीशी घ्यायची. माईंनी सांगितलं होतं, तिघांचा फोटो काढू नका. सावलीबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या."

मोरोपंतांनी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला.

"अरे हो," इरावती म्हणाली, "आणि आई एक हात असा बाजूला करायची. म्हणायची, पकड माझा हात. मी खाली वाकून सावलीचा हात पकडायची. बाबा, ते फोटो अल्बममध्ये कुठे आहेत? मी पूरा अल्बम बघितला, एक पण नाही दिसला."

सतरंजीवरचा तो सगळा दिवस मोरोपंतांच्या डोळ्यांपुढून गेला. सावली पडलेला, बाद. मुलगी वाकलेली, बाद. चाळीस वर्षांचा सराव असलेला डोळा, एकही सुटू दिला नव्हता. त्या झकास अल्बममध्ये इंदू कुठेच नव्हती, आणि तिला काढून टाकायचं काम त्यांनी फार काळजीने केलं होतं.

"इंदू, मला दिसलं नाही गं."

"दिसलं होतं तुम्हाला. म्हणून तर बाद केलंत."

मोरोपंत रुमालाने कॅमेऱ्याची काच पुसत राहिले. जवळून एक बाई टोपलीत चिंचेची मोठाली फळं घेऊन गेली. इंदूनेच मग पदर सारखा केला.

"गेले ते गेले. काढा आता, पोरगी उन्हात उभी आहे."

"बाबा, एक हात बाजूला करा ना," इरावती म्हणाली.

मोरोपंतांनी डावा हात बाजूला पसरला. गवतावर सावलीचा हात पसरला. लग्नाला आलेली ती मुलगी खाली वाकली आणि तिने आपला तळवा त्या हातावर ठेवला. इंदू तिच्याकडे बघून हसत होती. दोघींपैकी एकीचंही लक्ष कॅमेऱ्याकडे नव्हतं, झाड अर्धं कापलं जात होतं आणि क्षितिज चांगलंच कललं होतं.

"थांबा," मोरोपंत म्हणाले. "तशाच थांबा."

इंदूने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी बटण दाबलं.

मग ती चालत त्यांच्यापाशी आली आणि तिने हात पुढे केला. "आणा इकडे. तुम्हाला धरता येत नाही. आता तुम्ही दोघं."

मोरोपंत बुंध्यापाशी जाऊन इरावतीला लागून उभे राहिले. ऊन सरळ डोळ्यांत येत होतं. त्यांनी ते मिचकावू दिले. समोर इंदू उन्हाकडे पाठ करून उभी राहिली, एका हाताने कॅमेरा धरला, दुसरा बाजूला पसरला, आणि तिची सावली गवतावरून हळूहळू पुढे येत त्यांच्या चपलांपर्यंत आली. मोरोपंतांनी ती पाहिली आणि एक पाऊल बाजूला सरकले. बाप-लेकीच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा झाली.

"बाबा, दूर का गेलात? पास या ना," इरावती म्हणाली.

"असू दे," मोरोपंत म्हणाले. "तिला उभं राहायला जागा नको का?"