घरातले दोन खोकले

आमच्या घरात दोन खोकले होते. एक मालकाचा, एक सुनेचा. मालकाच्या खोकल्याले मान होता अन् सुनेच्या खोकल्याले वेगळं ताट होतं. ते ताट म्याच वेगळं केलं. दुसऱ्यावर कायले ढकलू?

मालकाचं नाव भगवंतराव. आता या वयात नाव घेतलं तरी कोणी नाक मुरडत नाई, तवा घेतलं नसतं. अमडापुरात आमची वांग्या-मिरचीची वाडी अन् चार एकर पऱ्हाटी, म्हंजे कपाशी. मोठ्या माणसानं खाकरूनच घरात यावं, म्हणजे बायका पदर सावरतात, ही रीतच होती. पण मालकाचं खाकरणं वेशीपासून सुरू व्हायचं अन् ओट्यावर येऊन बी थांबत नव्हतं. लोक म्हणत, काय दमदार माणूस आहे. दिवसाले बिडीची दोन बंडलं. खोकला वाढला की मी हळदीचं दूध द्यायची, अन् कोणी इचारलं तं सांगायची, वयाचा खोकला आहे. सात वर्षं तो वयाचाच होता.

सून रुख्मिणी देऊळघाटची. ती खोकलायची चुलीपुढं. जळणाले पऱ्हाट्या, त्या बी अर्ध्या ओल्या, अन् सैपाकघराले खिडकी नाई. भिंतीले झरोका पाडू म्हटलं तं मालक म्हणाले, "चोराले वाट कायले करता?" धूर कोंडला की तिची छाती शिट्टीवाणी वाजायची. भाकरी थापता थापता ती खाली बसायची. वाळत बी चालली होती. झालं, गावानं निकाल देऊन टाकला, इले क्षय आहे. मालकानं त्यावर शिक्का मारला. म्हणाले, "माहेराहूनच रोग घेऊन आली. पोचवून द्या. इंद्रभानले दुसरी पाहू." इंद्रभान माहा पोरगा. बापापुढं त्याचं तोंड आजवर उघडलं नव्हतं, तवा बी उघडलं नाई.

रुख्मिणीनं एकच मांगलं. "मले घालवून द्याचं तं द्या, पण कोकिळाले माह्यासंगं येऊ द्या." कोकिळा तिची पोट्टी, चार वर्षांची. मी म्हटलं, "अशा खोकल्यापाशी लेकरू निजवतं? माय आहेस का वैरीण?" अन् त्याच दिवशी पोट्टीले उचललं अन् आजाच्या कुशीत नेऊन निजवलं. माहेरचे भांडतीन म्हणून रुख्मिणीले पोचवणं लांबत गेलं, अन् आठ महिने पोट्टी तिथंच निजली. रुख्मिणी दाराआडून पाहून राह्यची. मले वाटायचं, म्या लेकरू वाचवलं. लय पुण्यवान बाई मी.

महाराष्ट्र होऊन चारेक वर्षं झाली असतीन. शाळेच्या मैदानात सरकारी मोटार आली, छातीचा फोटो काढणारी. मालक म्हणाले, "इले न्या तिथी. कागदावर आलं की माहेरचे भांडणार नाईत." अन् बाईमाणसाले डॉक्टरचं काय समजते म्हणून सोता बी संगं निघाले.

डॉक्टर तरणाताठा होता, पुण्याकडचा. मालक दारात खाकरले तशा रांगेतल्या साऱ्या बायकांनी पदर सावरले. डॉक्टरनं मान वर केली.

"आजोबा, हा खोकला किती वर्षांचा?"

"खोकला? हे आमचं खाकरणं आहे."

"बरं, मग खाकरण्याचा फोटो काढू."

मालकाले राग आला, पण चार माणसांत नाई कसं म्हणतीन? छाती फुगवून उभे राह्यले. "काढा. चांगली छाती कशी असते ते इले बी दिसू द्या." दोघांचे फोटो झाले. डबीत थुंकी घेतली. लेकरांच्या हाताले सुई टोचून राह्यले होते, कोकिळाले बी टोचली. चवथ्या दिवशी साऱ्यांले घेऊन या म्हणाले.

चवथ्या दिवशी आमी सारे गेलो, इंद्रभान बी. डॉक्टरनं फोटोची एक काळी काच उजेडाले धरली अन् मले इचारलं, "आजी, तुमच्याकडे पऱ्हाटी आहे ना? एक झाड उपटून उलटं धरा. खोड म्हणजे श्वासाची नळी. मग फांद्या, बारीक फांद्या, अन् टोकाला बोंडं. हवा त्या बोंडांपर्यंत जाते, तिथून रक्त ती उचलतं. तुमच्या सुनेची बोंडं चांगली आहेत. फांद्या धुरानं सुजून अरुंद होतात, म्हणून छाती वाजते. हा दमा आहे, तो कोणाला लागत नाही. चुलीचा धूर बाहेर काढा, औषध देतो."

मले हे समजलं. शाळेत नाई गेली तरी पऱ्हाटी समजते.

मंग त्यानं दुसरी काच धरली. "हे आजोबांचं. वरच्या बोंडांत अळी शिरली आहे. खाऊन भोक पाडलंय. थुंकीतही जंतू सापडले. क्षय यांना आहे, आणि बऱ्याच वर्षांपासून."

मालक लगेच म्हणाले, "फोटो बदलले तुमचे."

"बदलले असतील," डॉक्टर म्हणाला. "या फोटोत डाव्या बाजूची एक बरगडी मोडून जुळलेली दिसते. सूनबाई कधी कुठून पडल्या होत्या का?"

गाडीवरून पडले होते मालक, मलकापूरच्या रस्त्यावर. सारं गाव जाणत होतं.  खोटं कायले बोलू, मले आतून हसू आलं. आठ महिने सुनेले माहेर दाखवून राह्यलो, आता मालकाले कुठं पोचवावं? पुरुषाले माहेर नसते.

रुख्मिणीकडं पाह्यलं तं ती हसत नव्हती. बरी निंगाली म्हणून तिच्या तोंडावर आनंद बी नव्हता. तिनं डॉक्टरले इचारलं, "दादा, मामाजीचा रोग लागते कसा?"

"खोकल्यातून. जवळ निजणाऱ्याला सगळ्यात आधी."

तिनं कोकिळाचा हात धरून पुढं केला. सुई टोचलेल्या जागी रुपयाएवढी लाल सूज होती. मले वाटलं होतं, गांधीलमाशी चावली असंन. डॉक्टरनं पट्टीनं ती मोजली.

"ही कोणाजवळ निजते?"

 मालकानं मान फिरवली. मंग म्याच सांगितलं, कोणापाशी निजते अन् कोणी निजवली. 

"सूज एवढी आली म्हणजे जंतू आत गेलेत," डॉक्टर म्हणाला. "रोगानं किती धरलंय ते हिच्या फोटोत दिसेल. लवकर सापडलं. औषधानं बरी होईल, पण वर्षभर एक दिवस चुकवायचा नाही."

रुख्मिणीनं पोट्टीले उचलून कडेवर घेतलं. पदर खांद्यावर आला होता, तो तिनं सावरला नाई. मालकासमोर, चार माणसांत, ती इंद्रभानले म्हणाली, "गाडी जुंपा. मी देऊळघाटले जाते. तिथून बुलढाण्याचा दवाखाना जवळ आहे. कोकिळा माह्यापाशी राहीन."

इंद्रभान बापाकडं न पाहता उठला. लगनाले सहा वर्षं झाली होती, पहिल्यांदा उठला.

घराकडच्या चढावर चालताना तिले धाप लागून राह्यली. मी मागून गेली अन् हात पुढं केले. म्हटलं, "आण, पोट्टीले मी घेते."

ती दोन पावलं मागं सरकली. रागानं नाई, सांभाळून.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुमी बी मामाजीच्याच खोलीत निजता. तुमचा फोटो आजून निंगाला नाई."