डोळ्याचा काठ

राज जन्मला तेव्हाच त्याच्या डोळ्यांत रंगीत पडदा नव्हता, नुसता काळा गोल होता. आजीनं, नवसाबाईनं, निदान तिथल्या तिथे करून टाकलं. पोटुशी असताना सुनेनं दिवाळीतल्या ग्रहणात झेंडू तोडला, म्हणून पोराचे डोळे कापले गेले. तोडायला नवऱ्यानंच धाडलं होतं, पाडव्याचा बाजार चुकू नये म्हणून. ते मात्र मखमलाबादच्या त्या मळ्यात कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. राजच्या आईनं, आशाबाईंनी, उत्तर द्यायचं कधीच सोडलं होतं.

आता राजची होती ती नजरही गढूळ होत चालली. धाकट्या बहिणीनं, छायानं, एमएस्सी होऊन आल्यावर, त्याला कारण समजावलं.

"डोळ्याच्या काचेवरचा पापुद्रा रोज झिजतो. नव्या पेशी काठावर जन्मतात आणि मध्याकडे सरकत जातात. कुठं जायचं, ते त्यांना एक जीन शिकवतं. तुझ्यात त्याची एक प्रत बिघडलीय."

"म्हणजे आपल्या चंदरचा टेम्पो. निघतो मार्केटला, सापडतो ढाब्यावर."

डॉक्टर म्हणाले, रक्ताच्या नात्यातल्या माणसाच्या निरोगी काठाचा तुकडा लावून बघू. वडील, अण्णा, लगेच पुढे सरसावले, "माझा घ्या." डॉक्टरांनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं, रक्तही तपासायला पाठवलं. अहवाल आल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, "तुमचा चालणार नाही. हाच बिघाड तुमच्यात आहे, फक्त सौम्य. मुलाला तो तुमच्याकडूनच आलाय. आईचा काठ उत्तम आहे."

कोवळ्या उन्हातही अण्णा टोपी डोळ्यांवर का ओढतात, ते छायाला आत्ता कळलं. आईनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं, तेवढंच.

घरी नवसाबाई ओट्यावर बसली होती. "काय म्हणला डॉक्टर?"

आशाबाई उंबऱ्यात थांबल्या. छायाही थांबली.

अण्णा चपला काढत म्हणाले, "माझं वय झालं म्हणे. आशाचा घेणार हायेत."

"घ्यावाच. तिनंच कापले, तिनंच जोडावे."

"आजी, ग्रहणाचा काही संबंध नाही! हे अण्णांकडून..."

"लय शिकली गं बाई! बापावर ढकलतीस?"

"अण्णा, तुम्ही सांगा ना."

अण्णांनी घसा खाकरला. "आता ते उकरून काय उपयोग? पोराचं होऊ दे आधी."

राजनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "आई, असं असंल तर मला नको तुझा काठ."

"गप. तुला देते, ह्यांना नाय." मग नवऱ्याकडे वळून त्या शांतपणे म्हणाल्या, "दवाखान्यात मी आन् छाया जाऊ राजला घेऊन. तुम्ही यायचं नाय."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"सांगा, वय झालं म्हणून."

अण्णांनी तेच सांगितलं. आजूबाजूच्या मळ्यांत आजही तेच खरं मानतात.